ठाण्याहून सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी?

बायको पहिल्यांदा एकटी अमेरिकेला गेली आणि परत यायची होती तेव्हाची गोष्ट. विमान तिकडून शुक्रवारी दुपारी साडेतीनला सुटणार, मुंबईत रात्री दीडला पोचणार. मी शुक्रवारी रात्री साडेअकराला भाच्याची गाडी घेऊन पाचपाखाडीहून निघालो. सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर पोचलो, पार्किंगचे पैसे भरले, कठड्याला टेकून उभा राहिलो. दीड वाजला, दोन वाजले. दुबईचं एक विमान आलं, माणसं ट्रॉल्या ढकलत बाहेर आली, पण त्यात ही नाही. शेवटी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, आई आत्ता इथे चेक-इनच्या रांगेत आहे. बॅगेचं वजन चाललंय. तुम्ही कुठे आहात?"

मी एक दिवस आधी पोचलो होतो. तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी मुंगीएवढ्या अक्षरात "+२" छापलेलं होतं आणि ते मी पाहिलंच नव्हतं. बँकेत चौतीस वर्षं आकडे तपासण्यात गेलेल्या माणसाची ही गत.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणाचं कुणी परदेशी निघालं की ते तिकीट घेऊन माझ्याकडे येतात. चूक केलेल्या माणसालाच नीट विचारावं, असा त्यामागे हिशेब असावा. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात: अंतर किती, विमानात किती तास, तिथे कधी पोचणार, इथून कधी निघायचं. हे चार प्रश्न वेगवेगळे आहेत आणि चारांची उत्तरं एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. म्हणून एकेक पायरी घेऊ. उदाहरण सगळीकडे सॅन फ्रान्सिस्कोचं घेतलंय, कारण ते मला पाठ आहे. तुमचं गाव लंडन किंवा सिडनी असेल तरी रीत तीच.

आधी हे जवळ घ्या

तिकिटाची छापील प्रत (मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात, माझा घात तिथेच झाला), पासपोर्ट, व्हिसाची प्रत, एक कोरा कागद, पेन. घरात पृथ्वीगोल असेल तर माळ्यावरून काढा आणि शिवणाच्या डब्यातून एक दोरा घ्या. गोल नसला तरी अडणार नाही, पण असला तर मजा येते.

१. आधी विमानतळ नक्की करा, गाव नव्हे

तिकिटावर प्रत्येक विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो. मुंबईचा बीओएम, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ, दुबईचा डीएक्सबी. न्यूयॉर्क म्हटलं तर ते जेएफके असू शकतं, किंवा ईडब्ल्यूआर म्हणजे नेवार्क, जे मुळात शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे. लंडनचा तर विचारूच नका, हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सगळ्यांना लंडनच म्हणतात.

आता ही भानगड आपल्या दारातही आली आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली, सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. त्याचा कोड एनएमआय. तिकिटं शोधताना "मुंबई" टाकलं की दोन्ही विमानतळ एकाच यादीत समोर येतात आणि माणूस स्वस्त दिसेल त्यावर बोट ठेवतो. कोपरखैरणे, खारघर, पनवेलकरांना एनएमआय सोयीचं. पण नागपूरहून एनएमआयला उतरायचं आणि परदेशी विमान सहारहून पकडायचं, असं तिकीट चुकून काढलंत तर मधे अख्खी खाडी ओलांडायची आहे, तीही बॅगांसकट.

सहारच्या बाबतीतही एक बघा. परदेशी विमानं टर्मिनल २ वरून. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला, रस्त्याने वेगळं, आणि तिथे फक्त देशांतर्गत. मात्र देशांतर्गत विमानंही टर्मिनल २ वरून सुटतात. त्यामुळे "देशांतर्गत म्हणजे टर्मिनल १" असं गृहीत धरू नका, तिकिटावर लिहिलेलं वाचा.

२. अंतर काढा, पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका

मी पहिल्यांदा तेच केलं होतं. शाळेच्या नकाशावर मुंबईपासून पट्टी टेकवली आणि युरोप, अटलांटिक, अख्खी अमेरिका ओलांडत पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेलो. चपटा नकाशा इथे फसवतो. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग गोलावर ताणलेल्या दोऱ्यासारखा असतो.

म्हणून दोरा. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा घट्ट ओढा. तो आपोआप सरकून आपली वाट शोधतो. बायकोने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "अहो, हा तर वर चाललाय!" खरंच वर जातो. मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेकडे, थोडा पूर्वेला कलून, हिमालय ओलांडून सायबेरियावरून ७६ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे, म्हणजे ध्रुवाच्या शेजारून, आणि मग खाली अलास्का-कॅनडाच्या अंगाने सॅन फ्रान्सिस्कोला. अमेरिका पश्चिमेला की पूर्वेला, या प्रश्नाचं उत्तर दोऱ्याच्या मते "उत्तरेला" असं आहे.

आता दोरा मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. आमचा दोरा जेमतेम ३२ सेंटिमीटर भरला, म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटर. गणिताने काढलेलं अंतरही सुमारे १३,५०० किलोमीटरच येतं. तुमचा गोल लहान असेल तर आधी विषुववृत्तावरून दोरा फिरवून मोजा आणि ४०,००० ला त्या सेंटिमीटरने भागा, की एका सेंटिमीटरचे किलोमीटर मिळतील.

हा खेळ नको असेल तर दोन विमानतळांचे कोड टाकल्यावर अंतर सांगणाऱ्या वेबसाइट आहेत. तिथे एक सापळा आहे. एक साइट १३,५०० दाखवेल, दुसरी ८,३९०, तिसरी ७,२९०. तिन्ही बरोबर! पहिलं किलोमीटरमध्ये, दुसरं अमेरिकी मैलांत (१ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर), तिसरं सागरी मैलांत (१.८५२ किलोमीटर). विमानवाले सागरी मैल वापरतात. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय कुणाला सांगायला जाऊ नका. आमच्या सोसायटीत एका काकांनी आठ हजार किलोमीटर ठरवून मला खोटं पाडायचा प्रयत्न केला होता.

ताळा म्हणून मुंबईहून आणखी काही अंतरं लक्षात ठेवा: दुबई १,९३०, सिंगापूर ३,९००, लंडन ७,२००, सिडनी १०,१५०, न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटर, सगळी ढोबळ. आणि पृथ्वीवर कुठल्याही दोन विमानतळांमधलं सगळ्यात जवळचं अंतर २०,००० किलोमीटरच्या फार वर जाऊच शकत नाही, कारण तेवढा अर्धा फेरा झाला की माणूस दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागतो.

३. थांबा कुठे आहे ते बघा

दूरच्या गावी आपल्यापैकी बरेच जण एक थांबा घेऊन जातात. लोकांना वाटतं, थांबा म्हणजे लांबचा वळसा. तसं दरवेळी नसतं, आणि दोऱ्याने ते लगेच कळतं.

दिल्लीमार्गे बघा. मुंबई-दिल्ली १,१४०, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,३७०. बेरीज १३,५१०, म्हणजे थेट अंतराएवढीच. दिल्ली दोऱ्याखालीच येते, वळसा शून्य. दुबई पश्चिमेला, म्हणजे उलट दिशेला वाटते, तरी बेरीज १५,००० च्या आतच राहते, म्हणजे दीड हजार किलोमीटर जादा. लंडनमार्गे १५,८०० च्या आसपास. सिंगापूरमार्गे मात्र १७,५००. चार हजार किलोमीटर फुकट, म्हणजे विमानात पाच तास जास्त. तिकीट कितीही स्वस्त असलं तरी सत्तरीतल्या माणसाला मी सिंगापूरमार्गे अमेरिकेला पाठवणार नाही. सिडनीला जायचं असेल तर मात्र सिंगापूर वाटेवरच आहे, खुशाल जा.

४. अंतरावरून तास

माझं सूत्र असं: किलोमीटरला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,००० किलोमीटर. भागाकार सव्वापंधरा तासांच्या जवळ, अधिक पाऊण, म्हणजे सोळा तास. तिकिटावरही तेवढंच असतं.

पाऊण तास कशाचा? तिकिटावरचा वेळ हा विमान हवेत असतं तेवढाच नसतो. गेटवरून विमान मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या गावी गेटला लागेपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची सरपट, चढण, उतरण सगळं आलं. मुंबईत तर धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. विमान रांगेत उभं राहतं, आपण खिडकीतून समोरच्या झोपड्या बघत बसतो आणि वरून सूचना येते की आपला सातवा नंबर आहे.

आता जाताना आणि येताना वेळ वेगळा का? वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो. तो पाठीशी असला की विमान लवकर पोचतं, समोरून आला की उशिरा. मुंबईहून थेट न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, येताना दोनेक तास कमी. अंतर तेच. खाडीत भरतीला होडी वर नेणं आणि ओहोटीला नेणं यात जो फरक, तोच हा.

आणखी एक कारण अलीकडे मोठं झालंय. दोरा ताणला म्हणून विमान त्यावरूनच जाईल असं नाही. २०२२ पासून बऱ्याच पाश्चात्त्य कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं वळसा घालायला लागली आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी सांगितलेला तासांचा आकडा आज धरू नका. आजच्या तिकिटावरचाच घ्या. सूत्र फक्त ताळा करायला.

५. घड्याळं: सगळं भारतीय वेळेत लिहून काढा

ही पायरी सावकाश वाचा. सगळे घोळ इथेच होतात.

तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ ही त्या-त्या गावची स्थानिक वेळ असते. निघण्याची वेळ मुंबईची, दुबईत पोचण्याची दुबईची, तिथून निघण्याचीही दुबईची, शेवटी पोचण्याची सॅन फ्रान्सिस्कोची. या वेळा एकमेकांतून वजा केल्या की उत्तर चुकणारच. जातानाचं एक उदाहरण उन्हाळ्यातलं घेऊ:

मुंबईहून मंगळवारी पहाटे ४:३०.
दुबईत मंगळवारी सकाळी ६:१५.
दुबईहून मंगळवारी सकाळी ९:००.
सॅन फ्रान्सिस्कोला मंगळवारी दुपारी २:००.

पहाटे साडेचार ते दुपारी दोन. साडेनऊ तास! आमच्या बहिणीने हे बघून "इतकं जवळ आहे होय?" असं विचारलं होतं.

आता कोरा कागद घ्या आणि प्रत्येक वेळ भारतीय वेळेत लिहा. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणून दुबईच्या वेळेत दीड तास मिळवा. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, म्हणून साडेबारा मिळवा.

निघाली मंगळवार ४:३०. दुबई मंगळवार ७:४५, म्हणजे सव्वातीन तास उड्डाण. दुबईहून निघाली १०:३०, म्हणजे पावणेतीन तास थांबा. पोचली बुधवारी पहाटे २:३०, म्हणजे सोळा तास उड्डाण. सगळी बेरीज बावीस तास. मंगळवारी पहाटेचा चहा घेतलेलं माणूस बुधवारी पहाटेपर्यंत प्रवासात. हा कागद आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला असतो आणि त्याच्या शेजारी बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा, त्याही भारतीय वेळेत. विमानात गोळी कोणत्या घड्याळाने घ्यायची हे डॉक्टरांना निघण्याआधी विचारून ठेवा, रक्तदाब आणि मधुमेह असेल तर नक्कीच.

एक सोपी युक्ती: सॅन फ्रान्सिस्कोची उन्हाळ्यातली वेळ हवी असेल तर आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करा आणि दिवसाची रात्र करा. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तर तिकडे सकाळचे नऊ.

पण "उन्हाळ्यातली" हा शब्द मी पुन्हापुन्हा वापरला तो उगीच नाही. आपल्याकडे घड्याळ बारा महिने एकच. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोशी फरक उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा. न्यूयॉर्कशी साडेनऊ आणि साडेदहा. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार, एरवी साडेपाच. ऑस्ट्रेलिया आपल्या पुढे, आणि तिथले ऋतू उलटे. सिडनी ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच तास पुढे, बाकीचे महिने साडेचार. दुबई आणि सिंगापूरला ही कटकट नाही.

दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी विशेष जपा. जाताना एक फरक आणि येताना दुसरा, असं सहज होतं.

६. तारीख: "सोमवारी रात्री" म्हणजे नक्की कधी?

आपल्या बोलण्यात दिवस झोपून उठल्यावर बदलतो. पंचांगातला वारही सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. घड्याळाचा दिवस मात्र रात्री बाराला बदलतो आणि बरीच परदेशी विमानं नेमकी बारा ते पाचच्या मधेच सुटतात. तिकिटावर "मंगळवार १५, ००:४०" लिहिलेलं असतं आणि घरात ठरतं, "मंगळवारी रात्री जेवून निघू." मंगळवारी रात्री तुम्ही जेवत असता तेव्हा ते विमान सुटून वीस तास होऊन गेलेले असतात.

उपाय एकच. कागदावर विमानाची तारीख मोठी लिहू नका, घरातून निघण्याचा वार मोठा लिहा. "सोमवार १४, रात्रीचं जेवण साडेसहाला, गाडी साडेसातला." घरात सगळ्यांना तोंडीही हेच सांगा. गाडीवाल्याला तर तारीख आणि वार दोन्ही सांगा, आणि आदल्या संध्याकाळी परत फोन करा.

पोचण्याच्या वेळेशेजारचा +१, +२ हा निघाल्याच्या तारखेपासून मोजायचा. शुक्रवारी दुपारी निघालेलं विमान +२ म्हणजे रविवारी. सॅन फ्रान्सिस्कोहून शुक्रवार दुपारी साडेतीन म्हणजे भारतात शनिवार पहाटेचे चार. त्यात दुबईमार्गे साडेएकवीस तास मिळवले की रविवार रात्रीचा दीड, म्हणजे आपल्या भाषेत शनिवारची रात्र. मी शुक्रवारच्या रात्री जाऊन उभा होतो.

७. थांब्याचं गणित

मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी असेल तर ज्येष्ठांसाठी मी ते तिकीट घेत नाही. चार-पाच तास कंटाळवाणे असतात, पण धावपळ नाही. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर असावीत. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडलीत तर ती जबाबदारी तुमची. शिवाय बॅग मधे उतरवून पुन्हा द्यावी लागते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

थांब्याच्या देशात व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. अमेरिकेत तर केवळ विमान बदलायचं असलं तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करावंच लागतं. म्हणजे कॅनडाला अमेरिकेमार्गे निघालात तरी अमेरिकेचा व्हिसा हवा. अमेरिकेतच पुढे दुसऱ्या गावी जायचं असेल तर साधारणपणे पहिल्या ठिकाणी बॅग घेऊन, कस्टम्स करून ती परत द्यायची असते. तिथे तीन तास हाताशी ठेवा.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्या आई-वडिलांसाठी तिकिटावर व्हीलचेअरची विनंती आधी नोंदवा. चालता येत नाही म्हणून नव्हे, पण सोबत माणूस मिळतो आणि एवढ्या मोठ्या विमानतळावर गेट शोधत फिरावं लागत नाही. ज्यांना खरी गरज नाही त्यांनी घेऊ नये असं काहींचं म्हणणं असतं, ते मला पटतंही. तरी पंचाहत्तरीच्या, एकट्या, पहिल्यांदा निघालेल्या बाईसाठी मी ती घेतोच.

८. घरापासून गेटपर्यंत

परदेशी विमानासाठी तीन तास आधी टर्मिनलवर. चेक-इनचा काउंटर बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, त्यामुळे विमान साडेचारला म्हणजे साडेचारपर्यंत वेळ आहे असं नाही.

ठाण्याहून टर्मिनल २ ला गाडीने: तीन हात नाका, कोपरीचा पूल, आनंदनगर नाका, पूर्व द्रुतगती मार्ग, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, तिथून मरोळ आणि सहार. मध्यरात्री पाऊण तास पुरतो. संध्याकाळी सहा ते नऊ पवईच्या आयआयटीसमोर गाडी नुसती उभी असते, दोन तास धरा. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी माजिवड्यापर्यंतचा वेळ वेगळा धरावा, आणि तो कितीही धरला तरी कमीच. पावसाळ्यात तासभर जास्त. अनंत चतुर्दशीला किंवा गौरी-गणपतीच्या विसर्जनाला विमान असेल तर दुपारीच निघून तिथे बसा.

ऐरोली-रबाळेवाल्यांनी ऐरोली पुलावरून पूर्व द्रुतगतीला लागावं आणि पुढे तोच रस्ता. वाशी-नेरुळकरांना वाशी पूल आणि चेंबूरवरून बरं पडतं.

दिवसाचं विमान आणि एकच बॅग असेल तर रेल्वेनेही जमतं. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ बदलून पुढचंच स्थानक टर्मिनल २. पण घाटकोपरचा जिना आणि तेवीस किलोच्या दोन बॅगा ही जोडी मी कुणाला सुचवणार नाही. आणि मध्यरात्री मेट्रो नसते.

आता पूर्ण बेरीज. आपल्या उदाहरणात पहाटे साडेचारचं विमान, म्हणजे दीडला टर्मिनलवर, म्हणजे सव्वाबाराला घरातून. बुधवारी पहाटे अडीचला (भारतीय वेळ) तिकडे उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स मिळून दोन तास, मुलीच्या घरापर्यंत पाऊण तास. एकूण एकोणतीस तास. कुणी विचारलं "अमेरिकेला किती वेळ लागतो", की मी हाच आकडा सांगतो. विमानातले तास सव्वाएकोणीस. बाकीचे दहा तास जमिनीवर जातात.

सोबत ठेवायचे कागद, हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नव्हे:

पासपोर्ट, प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने मुदत असलेला.
व्हिसा आणि त्याची झेरॉक्स.
जाण्याचं आणि परतीचं तिकीट, छापील.
जिथे राहायचंय तो पत्ता आणि फोन नंबर, इंग्रजीत ठळक लिहून.
प्रवास विम्याची प्रत.
औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
पॉवर बँक, कारण ती मोठ्या बॅगेत चालत नाही.
वेळांचा तो कागद.

लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. हातात शंभर मिलीच्या वर पातळ काही नेता येत नाही आणि तपासणीवाले लोणच्याचं तेल पातळच धरतात. तिकडे उतरल्यावर खाण्याचे पदार्थ फॉर्मवर किंवा विचारल्यावर सांगून टाका. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड होतो.

९. घ्यायला जाणाऱ्यांसाठी

विमान कुठे आहे ते दाखवणारी अॅप आहेत, त्यात विमानाचा क्रमांक टाका. मी मुंबईत उतरण्याच्या वेळी घरातून निघतो, त्याआधी नाही. इमिग्रेशन आणि बॅगा मिळून तास-सव्वातास जातो, तेवढ्यात ठाण्याहून पोचता येतं आणि पार्किंगचे पैसेही वाचतात. अॅपमध्ये विमानाचा क्रमांक रोज तोच असतो, म्हणून वर तारीख बघा. कालचं विमान "उतरलं" असं दाखवतं आणि माणूस पळत सुटतो.

मागच्या वेळी बायको आली तेव्हा रविवारी रात्री दीडचं विमान होतं. भाच्याने शनिवारी संध्याकाळी फोन केला, "मामा, आज रात्री की उद्या रात्री?" मी फ्रिजकडे बघून सांगितलं, "आज. सव्वाला ये, आणि या वेळी मलाही झोपेतून उठव."